कर्ण्यावरचं मोहोळ

सोनगीरच्या किल्ल्यापासून तापीच्या काठापर्यंत मधमाश्यांशी सोयरिक सांगणारा माणूस एकच झाला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. आमचे शेजारी नाना. एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास, वयाची साठी उलटल्यावर, त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याहून माश्यांची लाकडी पेटी एस.टी.ने आणली. खिडकीची जागा पेटीला दिली आणि स्वतः सोनगीरपर्यंत उभे राहिले. पुढे माश्यांना ठसका लागेल म्हणून मिरच्या भाजायला सुनेला आमच्या चुलीवर पाठवू लागले. आमचं घर खोकत राही, माश्या सुखात.

धणे फुलले की पेटीत भुईमुगाच्या शेंगेएवढी घरं लटकत. त्यांतून नव्या राण्या निघायच्या. पेटी देणाऱ्याने बजावलं होतं, ही घरं वेळीच मोडा, नाहीतर जुनी राणी अर्धा संसार घेऊन उडून जाईल. नाना चिमटा घेऊन बसत, चौकट उजेडात धरत आणि तशीच परत ठेवत. "आंडेरीस्ना गळा मी दाबू? कसाई शे का मी?" लेकींवर हात उचलवला नाही, म्हणून मोहोळ दर साली उडे. मग आतून मेण चोळलेली टोपली घेऊन नाना गावभर त्याच्यामागे धावत आणि सापडलं की नव्या पेटीत घालत. लेकीला घर देऊन उडणाऱ्या जुन्या राणीचं मात्र त्यांना भारी कौतुक. म्हणत, "भरेल घर आंडेरले दिसन माय निंघी जास. आपुन खाटलं सोडतस नही!"

माझ्या मुलीच्या लग्नादिवशी ते मोहोळ मांडवातल्या लाउडस्पीकरच्या कर्ण्यावर येऊन बसलं. वऱ्हाड वेशीवर होतं. नाना शिडीवर चढले, घोसावर टोपली धरली आणि मला म्हणाले, "भाऊ, गाणं बंद कर फक्त. पाहुण्या शेतस त्या, आपसूक वर चढतीन." माश्या खरोखरच चढू लागल्या होत्या. पण वाजंत्री जवळ आली आणि माझा धीर सुटला. मांडवामागे जाऊन मी गोणपाट पेटवलं आणि धुराने माश्या पळतील म्हणून काठीने वर धरलं.

पुढचं गावाने वर्षानुवर्षं हसत सांगितलं. नवरदेवाचा एक डोळा मिटलेला, व्याह्यांचा ओठ वांग्यासारखा. ते ओरडले, "कोणाचा उद्योग हा?" मी खाली बघितलं. नाना सुजल्या हातांनी शिडीवरून उतरले. "माश्या मन्याच शेतस," एवढंच म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. गावाने पेट्या हलवायला लावल्या. नानांनी घर सुनेच्या हाती दिलं आणि पेट्यांसोबत मळ्यातल्या झोपडीत राहायला गेले, ते शेवटपर्यंत. माश्यांनी लग्न नासवलं असं अजूनही कोणी म्हणतं. ते मी नासवलं होतं.

यंदा धणे फुलले तेव्हा आमच्या अंगणातल्या लिंबावर मोहोळ टेकलं. बायकोला मी चूल पेटवू दिली नाही. भाकरी मागायला नानांच्या सुनेकडे गेलो आणि दारातच गोणपाटाची गोष्ट सांगून टाकली. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "नानासले माहीत व्हतं. सांगेत, पोरनं लगीन व्हतं, घाबरी गया व्हता बिचारा."

तिने भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. परत आलो तेव्हा लिंबाची फांदी रिकामी होती. पाहुण्या किल्ल्याकडे निघून गेल्या होत्या.