ज्यान्ह नदीवरचं बारसं

समजा, तुम्ही होडीत उभे आहात. समोरच्या काठाशी बहिणीची होडी आहे. तिला एक नाव कळवायचंय, पण ते उच्चारायचं नाही. दोन्ही काठांवर भालाईत शिपाई कान टवकारून बसलेत. कसं कळवाल?

हेन मावशीवर ही वेळ आली. आमच्या दक्षिण काठावर न्गुयेन सरदारांचा अंमल, पलीकडे त्रिन्ह सरदारांचा. लढाया थांबल्या होत्या, पण नदी ओलांडायला बंदी होती. मावशीची धाकटी बहीण लाय पलीकडे दिलेली, ती तिकडचीच झाली.

त्या सकाळी लाय गाऊ लागली. मुलगी झालीय, उद्या महिना भरतो, नाव ठरलंय. बाळाचं खरं नाव पाण्यावर घेतलं तर भुतं ऐकतात, म्हणून तिने कोडं घातलं : ‘पानं खाते, घर विणते, आतून दार लावून घेते.’

रेशमाचा किडा. मावशीच्या हातातलं जाळंच सुटलं. तेच नाव त्यांच्या पणजीचं. आमच्यात पूर्वजाचं नाव पोरीला ठेवत नाहीत; ठेवलं तर रोज पणजीलाच दटावल्यासारखं. पण त्याच धाकाने घरात ते नाव कुणी कधी घेतलं नव्हतं. थोरली म्हणून मावशीला तेवढं ठाऊक; लायला कळणार कसं?

मावशीने सूर लावला : ‘त्या घरात आधीच एक म्हातारी राहते गं, तिला कोंबड्यांमागे पळवू नकोस गं.’

होडीगाण्याचं धृपद कानावर पडेल त्याने झेलायचं, नाहीतर होडीला अपशकुन. आमचे शिपाई वल्हेकऱ्यांच्या तालात गर्जले, “होऽ ख्वान.” पलीकडचेही गर्जले.

हवालदार खेकसला, “शत्रूला साथ देता?”

“दादा, होडी बुडाली तर तुमच्या ताटात मासळी कोण वाढणार?” एक शिपाई म्हणाला.

पुढच्या धृपदात हवालदाराचाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

लाय पोट धरून हसली. मग तिने नवं नाव कोड्यात घातलं : ‘दोन्ही काठांवर जेवते, जकात कुणालाच देत नाही. ओळख ताई.’ आणि भरतीने तिची होडी वळणाआड नेली.

तेव्हापासून मावशी भेटेल त्याला विचारते. कोळी म्हणतात बगळी. शिपाई म्हणतात घार. हवालदार म्हणाला माशी, तर मावशी म्हणाली, “ते तुझ्या लेकीला ठेव.”

कालही जाळं झटकता झटकता मला म्हणाली, “पणजी सुटली, ते झकास झालं. पण तू सांग बाबा, माझ्या भाचीचं नाव काय?”