पुढच्या चाकाचा खटका

माझ्या जुन्या जीपच्या मागच्या दारावर चिखलाचे सात-आठ पंजे वाळले आहेत. मुद्दामच धुतले नव्हते. डोंगरात जाऊन आल्याची खूण मिरवायची होती.

आज गॅरेजात मिस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि चाकाच्या मधोमध असलेला खटका त्यांनी दोन बोटांनी फिरवला. "हा लावलाच नव्हता, साहेब. त्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. खाली उतरून लावायचा असतो."

मी उतरलोच नव्हतो. शेताकडेला गाडी रुतली तेव्हा बूट भरतील म्हणून काच खाली करून नुसत्या हाका मारल्या होत्या. भातलावणी टाकून बायका धावत आल्या आणि गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी मला जीपसकट ढकललं. गाडी निघाली तशी त्यांच्यातली एक म्हातारी धापा टाकत म्हणाली, "जुनी हाय बिचारी. दमली आसंल."

यंत्राला तोंड नसतं, हे आपल्या किती पथ्यावर पडतं! आपली चूक त्याच्या वयावर ढकलायला तर चिखलातही उतरावं लागत नाही.

"पाणी मारून देऊ?" मिस्त्रींनी विचारलं.

एका पंजाखाली बांगड्यांच्या रेघा उमटल्या होत्या.

म्हातारी जीपला दमलेली म्हणाली, तेव्हा मी मान डोलावली होती.