ड्रायव्हर बसून की उतरून

वजनकाट्यावरच्या वहिनींना स्वतःचं नाव होतं, पण ते पगाराच्या दिवसाखेरीज कुणाच्या तोंडी येत नसे. ट्रक धडधडत काट्यावर चढला, की वरच्या केबिनच्या खिडकीतून एक डोकं बाहेर यायचं आणि विचारायचं, "बसून की उतरून?"

नव्या माणसाला वाटे, ही चहाची ऑर्डर घेतेय की काय. जुन्यांना ठाऊक होतं. रिकामा ट्रक एकदा तोलायचा, माल भरून आला की पुन्हा तोलायचा, आणि मधला फरक तो माल. पहिल्या खेपेला ड्रायव्हर बसून राहिला असेल तर दुसऱ्या खेपेलाही त्यानं बसूनच राहायचं. उतरला असेल तर उतरायचं. नाहीतर त्याचं स्वतःचं वजन एकतर मालात घुसतं किंवा मालातून पळतं. कोण बसला, कोण उतरला, हे वहिनींनी कधी कुठे टिपून ठेवलं नाही. सगळं डोक्यात.

पण हल्ली त्या डोक्याचाच भुगा झाला होता.

काट्यावर कॅमेरे बसणार होते. ट्रक चढला की यंत्र आपोआप वजन घेणार, पावतीही आपोआप बाहेर येणार. खिडकीत माणूस लागणार नव्हता. मालकांनी हे सांगताना आवाज इतका मऊ केला, की वहिनींना आधी वाटलं पगार वाढतोय.

मग पुढे काय करायचं, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं, कारण त्यांचं ठरलेलं होतं. मागे एकदा एक बाई भलामोठा ट्रेलर एकटीनं घेऊन आली होती. एका दमात तो उलटा काट्यावर चढवला, आणि पावती घेताना इतकंच म्हणाली, "तुमचं स्टूल डुगडुगतंय." त्या दिवसापासून वहिनींना ते स्टूल टोचायला लागलं. आपणही चालवायचं. हे पक्कं. शिकायचं कुठे, इथे गाडी रुतली होती.

रस्ते दोन होते. एक, उस्तादांची शाळा. उस्ताद म्हणजे आयुष्य रस्त्यावर घालवून गुडघे गेलेला माणूस. मोकळं मैदान, जुना ट्रक, पिंपं आणि शिव्या एवढ्या भांडवलावर तो शिकवायचा. फी आपली आपण भरायची, लायसन्स हातात पडलं की आपण आपले मालक. दुसरा, एका मोठ्या वाहतूक कंपनीचं प्रशिक्षण. तिथे फी नाही, उलट शिकतानाही थोडा पगार. पण शिकल्यावर दोन वर्षं त्यांचीच गाडी, ते म्हणतील तो रस्ता.

वहिनी दोन्हीकडे जाऊन आल्या. उस्तादांना विचारलं, शिकल्यावर नोकरी लागेल का? उस्ताद म्हणाले, मी पोहायला शिकवतो ताई, नदी आणून देत नाही. कंपनीच्या कचेरीतल्या बाईंना विचारलं, घरी कितीदा येता येईल? बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, सुरुवातीला महिन्यातून एखाद वेळा.

तिथेच वहिनींच्या अवसानाचं पाणी झालं. कारण घरी सासूबाई होत्या.

सासूबाई गेल्या साली पडल्या, तेव्हापासून उठणं-बसणं दुसऱ्याच्या हातात. रोज सकाळी वहिनी त्यांना न्हाणीत नेत, खुर्चीवर बसवत, आंघोळ घालत. दुसऱ्या कुणाचा हात म्हातारीला चालत नसे. शेजारीण एकदा मदतीला आली, तर तिला पाण्यापेक्षा जास्त बोलणी मिळाली. मुलाचं तर नावच नको. पंजे मारून त्या सांगत, पोटच्या पोराकडून न्हायला मी काय तान्हं बाळ आहे? पोटचा पोर, म्हणजे वहिनींचा नवरा, घरातच शिलाई मशीनवर बसायचा. सल्ला विचारला की मशीन थांबवायचा, सुई वर करायचा, आणि मोठ्या आदरानं म्हणायचा, "तू म्हणशील ते." या वाक्यावर दोरा ओवता येत नाही, हे त्याला कोण सांगणार?

काट्यावर मात्र सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणे, कंपनीत जाऊ नका वहिनी, खुंटीला बांधतात. दुसरा म्हणे, खुंटी आहे तिथे चाराही आहे. तिसरा सांगे, उस्तादांकडे जाऊच नका, आरशात निळं पिंप दिसलं की चाक फिरवायचं एवढंच शिकवतात, आणि रस्त्यावर निळं पिंप कोण ठेवतो? हाच तिसरा परतीच्या खेपेला सांगून गेला, की उस्तादांसारखा गुरू नाही. वहिनी सगळ्यांना मान डोलवत. दुपारपर्यंत मानही दुखायला लागे.

अशाच एका दुपारी पैलवान आला. हा ड्रायव्हर इतका भारदस्त, की तो बसला की ट्रक एका अंगाला कलतो असं लोक म्हणत. उतरणं-चढणं त्याच्या जिवावर येई, म्हणून तो कायम "बसून". सकाळी रिकाम्या ट्रकला बसून होता. दुपारी सिमेंटची पोती भरून परत काट्यावर चढला, आणि कोण जाणे काय सुचलं, चक्क खाली उतरून खिडकीशी आला.

"वहिनी, रात्रभर विचार केला. तुम्ही उस्तादांकडेच जा."

"काल तर कंपनी म्हणालात."

"काल बायको जवळ उभी होती."

आता बायकोचा यात काय संबंध, या विचारात वहिनींनी बटण दाबलं. पावती निघाली.

थोड्या वेळात गोदामाचा मुकादम तणतणत आला. पोती मोजून चढवली होती, आणि पावतीत दोन पोत्यांहून जास्त वजन कमी. पुन्हा पोती मोजली. बरोबर होती. मुकादमानं काट्याखाली वाकून पाहिलं, जणू सिमेंट फटीतून सांडलंय. पैलवान घाम पुसत म्हणाला, माझ्यावर संशय असेल तर ट्रक पुन्हा चढवतो. तो केबिनमध्ये चढून बसला, ट्रक काट्यावर आला, आणि आकडा वर गेला. गेलेली पोती हजर.

मुकादम आकड्याकडे बघत राहिला. मग पैलवानाच्या पोटाकडे. मग आवार असं हसलं, की पलीकडच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली.

वहिनी हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत ही चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. आणि नवी पावती फाडताना त्यांच्या लक्षात आलं, की हीच चूक आपण गेले कित्येक दिवस करतोय. काट्यावर नव्हे, घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंच्या पाठीवर पाणी ओतता ओतता त्या म्हणाल्या, "आई, माझं तोलायला चुकलं."

"पैलवानाचं कळलं मला. सगळी गल्ली हसतेय."

"ते नव्हे. मी कंपनीला तोललं ते तुम्हाला बसवून. घरी कितीदा येणार, एवढंच विचारलं. आणि उस्तादांना तोललं ते तुम्हाला उतरवून. तिथे घराचं नावच काढलं नाही."

तांब्या रिकामा झाला तरी वहिनींचा हात वरच.

"मग दोन्ही वेळा उतरव मला," सासूबाई म्हणाल्या. "तू नसलीस तर मी पारोशी राहीन. पारोशानं कुणी मेलेलं ऐकलं नाही."

"दोन्ही वेळा बसवलं तरी हिशेब चुकत नाही, आई."

"खरं?"

"माल तेवढाच भरतो."

म्हातारीनं तोंडावरचं पाणी निपटलं. "मग बसव. पण खिडकीकडची जागा दे. आणि आधी पाठ घास, थंडी वाजतेय."

वहिनी परत उस्तादांकडे गेल्या आणि या वेळी सासूबाईंना बसवून विचारलं. नोकरी लागलीच, तर नवशिक्या ड्रायव्हरला घरी कधी येता येतं? उस्तादांनी गुडघा चोळला. म्हणाले, जवळच्या फेऱ्या जुनी खोडं सोडतात होय? नव्याच्या वाट्याला लांबचीच, कुणालाच नको असलेली. म्हणजे घर तिथेही लांबच होतं, फक्त ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. मग त्या कंपनीच्या बाईंकडे गेल्या. मध्येच नको झालं तर सोडता येईल का, विचारलं. बाई म्हणाल्या, येईल, पण शिकवण्याचा सगळा खर्च भरून द्यावा लागेल. आणि पहिले काही महिने शिकवणारा शेजारी बसतो. दोन वर्षं झाली की जवळच्या फेऱ्या मागता येतात, मिळतीलच असं नाही.

वहिनींना वाटलं होतं, नीट तोललं की पारडं धाडकन खाली येईल. तसं काही झालं नाही. जरासं झुकलं, कंपनीकडे, आणि तेही त्या शेजारी बसणाऱ्या माणसामुळे. त्यांना एकटीनं चुकायची भीती वाटत होती, हे त्यांना स्वतःलाच आता कळलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा नवऱ्यानं मशीन थांबवलं, सुई वर केली. वहिनी म्हणाल्या, आता तेच वाक्य म्हणालात तर कात्री फेकीन.

"मी पाणी ओतेन," तो म्हणाला.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "डोळे मिटून ओतायचं. साबण मी लावीन."

दुसऱ्या दिवशी तालीम झाली. डोळे मिटून ओतलेलं निम्मं पाणी भिंतीला न्हाऊ घालून गेलं. म्हातारी ओरडत होती, पण पंजे मारत नव्हती. वहिनी दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. आपल्यावाचून जमतंय याचं सुख मानावं की दुःख, ते काही त्यांना ठरवता आलं नाही. त्याच गोंधळात त्यांनी करारावर सही केली, आणि सही केल्यावर तो कमी होईल ही आशाही फोल ठरली.

मग एक दिवस शिकवणाऱ्यानं त्यांना ट्रक घेऊन त्यांच्याच जुन्या काट्यावर नेलं. खिडकीला आता काच होती, मागे कुणी नाही. सकाळी ट्रक रिकामा तोलला, तेव्हा वहिनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. माल भरून पुन्हा काट्यावर चढल्या. एका दमात नाही, तिसऱ्या प्रयत्नात. ब्रेक लावला. आणि इतक्या वर्षांत जी खिडकी आतून पाहिली, ती बाहेरून कशी दिसते म्हणून सहज दार उघडून खाली उतरल्या.

यंत्रानं पावती फेकली. शिकवणारा उतरला नव्हता. त्यानं ट्रकच्या खिडकीतून हात बाहेर काढून पावती घेतली, कपाळाला आठ्या घातल्या, मालाचा कागद काढून ताडून पाहिला.

"अहो, हे कमी भरतंय. माल कुठे गेला?"

वहिनींनी वर रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. तिथून कुणीच काही विचारत नव्हतं.

"गेला नाही," त्या म्हणाल्या. "खाली उभा आहे. थांबा, चढते."