प्रस्थान ठेवलेली पिशवी

आमचे अप्पा, म्हणजे शिवाजी पेठेतले लोखंडी सामानवाले बसाप्पा, पंचांग बघितल्याशिवाय शिंकायचेसुद्धा नाहीत. त्यांच्या लेखी दिवस रात्री बारा वाजता बदलत नव्हता, सूर्य उगवल्यावर बदलायचा. माझा वाढदिवस तिथीने, म्हणून दरवर्षी वेगळ्याच तारखेला. नव्व्याण्णव साली ज्येष्ठ अधिक आला, तेव्हा तर तो महिनाभर पुढे गेला. "आपण लिंगायत. आपल्यात मुहूर्त कोण बघतंय?" अव्वा, म्हणजे माझी आई, वैतागून विचारायची. अप्पा गुमान पान उलटायचे.

त्याच वर्षी जूनच्या शेवटी मला वारणानगरच्या बाजूला एका शाळेत मुलाखतीला बोलावलं. बी.एड. होऊन मी घरी बसले होते. ही नोकरी हुकली तर अप्पा स्थळं बघायला लागणार, हे ठरलेलं. मुलाखत नेमकी बुधवारी. अप्पांचा चेहरा पडला. बुधवारी उत्तरेला जायचं नसतं म्हणे.

"मग काय, शाळा दक्षिणेला हलवू?" मी म्हटलं.

"तसं न्हाय. सोमवारी चांगली वेळ हाय. प्रस्थान ठिवू की."

प्रस्थान ठेवायचं म्हणजे प्रवासाला न्यायची एखादी वस्तू आधीच मुहूर्तावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवायची. माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. लोक रुमाल ठेवतात, सुपारी ठेवतात. वाद घालून मी थकले होते. म्हटलं, ठेवा काय ते.

बुधवारी सकाळी साडी नेसून तयार झाले, तर खुंटीवर पिशवी नाही. माझी सगळी मूळ प्रमाणपत्रं त्या पिशवीत.

"अक्काताईकडं हाय की," अप्पा शांतपणे म्हणाले. "रुमाल ठिवून काय उपयोग? जे खरं न्यायचं तेच ठिवाय पायजे."

शेजारच्या अक्काताईंच्या दाराला कुलूप. त्या पहाटेच बाहुबलीच्या डोंगराला गेलेल्या. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप.

"बघा आता पंचांगात, हे कुलूप कधी उघडतंय ते."

 अप्पा दुकानातून पहार घेऊन आले आणि त्यांनी सरळ कोयंडा उचकटला. वार नाही, वेळ नाही, काही बघितलं नाही. पिशवी त्यांनी आधी धोतराच्या सोग्याने पुसली आणि मग माझ्याकडे दिली. मला त्यांची दया आली, पण ती सांगायला वेळ नव्हता. एसटी धावत पकडली.

नोकरी मिळाली. अप्पांनी चांगली वेळ बघून अक्काताईंना नवा कोयंडा आणि कुलूप बसवून दिलं. वर गल्लीभर सांगत सुटले, की प्रस्थान ठेवलं म्हणून पोरीचं काम झालं. मी कपाळावर हात मारून घेतला.

रुजू व्हायचा दिवसही बुधवारच निघाला. या वेळी पिशवी मी उशाशी घेऊन झोपले. सकाळी निघताना पाहते तर दारात माझी एकच चप्पल. मी तोंड उघडायच्या आत अप्पांनी कनवटीला हात घातला.

"घाबरू नगंस. ह्या बारीला किल्ली घिऊन ठेवलीया."