बोरकर साहेबांची पुलाखालची खुर्ची

जुने पूल दुरुस्त करणाऱ्यांकडे किस्से साचतातच. दिवसभर ड्रिल मशीनचा आवाज, बोलायची सोय नाही. मग मशीन थांबलं की सगळं एकदम बाहेर येतं! रायपूरच्या आमच्या टीमचे निम्मे किस्से बोरकर साहेबांचे. साहेब मूळचे अमरावतीकडचे, घर पुरानी बस्तीत, आणि जीव जुन्या दगडी कमानींवर.

आमचं काम दिसत नाही. कमानीत वरून खोल भोक पाडायचं, पोलादी सळई घालायची, पातळ सिमेंट म्हणजे ग्राउट ओतायचं आणि वरचा दगड जागेवर बसवायचा. गुढ़ियारीजवळच्या नाल्यावर महिनोन्महिने राबलो. शेवटी एक सायकलवाला थांबून म्हणाला, "भैया, इतने दिन से कर क्या रहे हो? पुल तो वैसा का वैसा है!"

साहेब इतके खूश झाले की त्याला चहा पाजला!

*

एकदा एका भोकात ग्राउट ओततोय, ओततोय, भरतच नाही! मी घामाघूम. "सर, हा पूल तर पिऊनच राहिला!"

साहेबांनी कमानीवर हात ठेवला. "पिऊ दे रे. इतके वर्ष याले कोणी पाणी तरी विचारलं काय?"

दुसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक सळईवर कापडी पिशवी चढवून घेतली, ग्राउट फटींत पळू नये म्हणून. माया वेगळी, काम वेगळं!

*

ड्रिलमधून दगडाचा गोल दांडा निघतो. साहेब तो वाढदिवसाला भेट देतात. माझ्या लेकीलाही दिला. ती मराठी समजते, बोलते हिंदीत. "पापा, गिफ्ट में पत्थर?"

"लोकाचे साहेब मिठाई देतात!" इति बायको.

आता त्यानंच आमच्याकडे लसूण ठेचतात. तो जागेवर नसला की बायकोच घर डोक्यावर घेते.

*

काम संपलं की टेस्ट. भनपुरीहून गिट्टी भरलेले ट्रक येऊन पुलावर उभे राहतात. कमान किती दबली ते खाली लावलेली यंत्रं सांगतात, माणसानं तिथं थांबायची गरज नसते. साहेब मात्र घडीची खुर्ची टाकून बरोबर कमानीखाली बसतात. काही चुकलं असेल तर पूल आधी साहेबांवरच येणार. दरवेळी आमचा जीव टांगणीला!

नवीन सेफ्टी ऑफिसर पोट्टी अडून बसली. "सर, ये अलाउड नहीं है!"

"ज्या पुलाखाली मी बसत नाही, त्यावरून लोकाचे पोट्टे शाळेत कसे जाऊ देऊ?"

तिनं आपलं हेल्मेट काढून त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

"बेटा, आख्खा पूल पडला तर हे काय करन?"

"कुछ नहीं सर. मुझे अच्छा लगेगा!"

*

खुर्चीचं घरी सांगायचं नाही, अशी आम्हाला ताकीद होती. साहेबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना वाटायचं, साहेब ऑफिसात नकाशे तपासतात. टेस्टच्या दिवशी त्यांच्या डब्यात नेमकी साबुदाण्याची खिचडी असायची, आणि आम्ही तिच्यावर ताव मारायचो.

एकदा साहेबांच्या घरी गेलो, तर काकूंनी हळूच विचारलं, "आता किती पूल राह्यले रे?"

मी दचकलो. "काकू, तुम्हाला माहीत आहे?"

"घरून खुर्ची घेऊन निघतात, अन् शर्टाच्या पाठीवर चुन्याचे थेंब घेऊन येतात. ऑफिसात खुर्च्या नाहीत काय? त्या दिवशी माहा उपास असते, हे घरी येईपर्यंत. मंग तीच खिचडी यांच्या डब्यात."

त्यानंतर त्या खिचडीला मी कधी हात लावला नाही.

*

मागच्या महिन्यात साहेबांची शेवटची टेस्ट होती, मग रिटायरमेंट. ट्रक लायनीत, साहेब खुर्चीवर. तेवढ्यात ऑटो थांबली. काकू! एका हातात डबा, दुसऱ्या हातात घडीची खुर्ची.

"तू काहून आली? घरी जाय! धोका हाय इथं!"

"तुम्ही बसून राहिले न? मंग?" काकू खुर्ची उघडून शेजारी बसल्या. सेफ्टी ऑफिसरनं मुकाट्यानं दुसरं हेल्मेट आणलं.

साहेबांनी हात वर केला. "ट्रक थांबवा!" आणि आदल्या दिवशी स्वतःच पास केलेल्या कमानीचा दगडन् दगड हातोडीनं पुन्हा ठोकून पाहिला.

मग ट्रक चढले. वरून थोडा चुना पडला. काकूंनी पदरानं साहेबांचा खांदा झटकला आणि डबा उघडला.

आज खिचडी नव्हती; पोळी होती, वांग्याची भाजी होती. ट्रक डोक्यावर उभे असतानाच पहिला घास काकूंनी घेतला.