बहिणीचं माप

बसवनगुडीतल्या आमच्या मराठी शिंप्याकडे मी माझीच मापं चिठ्ठीवर लिहून नेतो आणि ब्लाउज बहिणीचा आहे म्हणून सांगतो. दर वेळी तो काखेत काचतोच.

परवा माझ्यापुढे एक दाढीवाला उभा होता.

"ब्लाउज कुणाचा?" शिंपीअण्णांनी विचारलं.

"माझाच. खांदे रुंद आहेत, स्वल्प सैल ठेवा." मोबाइल काउंटरवर ठेवून त्याने खुशाल दोन्ही हात पसरले. अण्णांनी टेप लावली, खांद्याला तर दोनदा. मेला हलला म्हणून नाही! माझा नुसता जळफळाट झाला.

मग माझी चिठ्ठी वाचून अण्णा म्हणाले, "बहिणीलाच आणा की एकदा. अंगावर माप घेतलं की बरोबर बसेल."

"ती लाजते हो," मी म्हणालो.