पोरीच्या गुडघ्यांखालचं हिरवं

आम्ही धुळ्याकडचे. नवऱ्याला खडोलीच्या सूत कारखान्यात काम लागलं म्हणून सिल्वासाला आलो आणि अथालच्या बाजूला भाड्याचं घर घेतलं. पुढे लहान अंगण होतं, त्याच्या टोकाला बांबूचं फाटक. ही साधारण सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट.

आमची एकुलती एक पोरगी चालत नव्हती. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय बारीक पडले. हातांवर जोर देऊन ती गुडघ्यांनी सरकायची. घरातल्या फरशीवर भराभर जायची, पण अंगणात घरमालकाने मुरूम टाकलेला होता. तो गुडघ्यांत रुतायचा, रक्त निघायचं. मी शेणाने सारवून पाहिलं. इथल्या पावसात सारवण टिकत नाही, चार सरींत मुरूम पुन्हा वर. गुडघ्यांना चिंध्या बांधल्या, त्याही फाटायच्या. मग ती उंबऱ्यात बसून रस्ता बघायची. उचलून फाटकापाशी नेलं तर तिला आवडत नसे. म्हणायची, "मी काय पोतं आहे? इथून तिथं ठेवतेस."

जवळच्या सुरंगी गावची एक वारली बाई रानभाजी विकायला यायची. भाजी सुकू नये म्हणून टोपलीत खाली-वर ओला हिरवा पाला घालायची. पाला कसला, शेवाळासारखंच काहीतरी, पण मुळं असलेलं. बारीक बारीक पानं, हाताला मऊ. पोरीने ते उचलून गालाला लावलं आणि विचारलं, "याचं नाव काय?"

"नाव कशाला? खायाचा थोडाच हाय," बाई म्हणाली. "झऱ्याजवळ सावलीत वाढतो. उन्हाळ्यात पाणी दिला तर तवापण हिरवा."

पोरीने ते ठेवून घेतलं. पायरीलगत मुरूम उकरला, माती घातली आणि हे तुकडे दाबून बसवले. मला वाटलं, दोन दिवसांचा खेळ. पण ते धरलं. पुढच्या वेळी तिने आणखी मागितलं. बाई हसून म्हणाली, "भाजी नको, पाला पायजे. उलटी पोरगी."

पायरीपासून फाटकापर्यंत हिरवी वाट करायची, असं तिने ठरवलं होतं. अंगणाला समोरच्या आंब्याची सावली होती, ते बरं. मोरीचं साबणाचं पाणी गेलं तिथलं हिरवं पिवळं पडून मेलं, म्हणून ती तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी साठवायची. उन्हाळ्यात वर ओलं गोणपाट टाकायची. रोज गुडघ्यांखाली रगडून ते काळं पडायचं. मग तिने वाट रुंद केली. काही दिवस डावीकडून जायची, काही दिवस उजवीकडून. दमलेली बाजू तोवर भरून यायची. नवरा पाळीवरून आला की ओरडायची, "बाबा, चपला काढा." तो चपला हातात घेऊन कडेकडेने यायचा आणि म्हणायचा, "कारखान्यातही एवढा जाच नाही."

मला सडा बंद करावा लागला. आमच्यात सकाळी अंगण खराट्याने झाडून शेणाचा सडा घालतात. ज्या दाराला सडा नाही, त्या घरात कोणी गेलं असेल, नाहीतर बाई आळशी असेल, असं लोक धरतात. पण खराट्याने ते हिरवं उपटून यायचं आणि शेणाखाली कुजायचं. म्हणून मी कडेला दोन थेंब शिंपडायची, तेवढंच.

शेजारी कोकणातल्या मास्तरांची बायको राहायची. ती म्हणाली, "अगो, आम्ही शेवाळ खरवडून टाकतो पाय घसरतो म्हणून, आणि तुम्ही पाणी घालून वाढवताय!"

पोरगी खालून म्हणाली, "काकू, मी कुठं घसरणार? मी आधीच खाली आहे."

त्या बाईला हसावं की नाही ते कळेना. मी हसले.

वाट फाटकाला लागायला दोन पावसाळे गेले. त्यानंतर ती रोज सकाळी एकटी फाटकापर्यंत जायची. बांबूला धरून बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायची, सुरंगीच्या बाईशी भाजीवरून भांडायची. मला आतून आवाज यायचा. एकदा मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू जा ना आत. माझं चाललंय."

पुढच्या श्रावणात तिला ताप आला. उतरलाच नाही. कावीळ झाली होती. पंधराव्या वर्षी गेली. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

गावाकडून माझी जाऊ आणि तिच्यासोबत दोन बायका आल्या. लग्न न झालेल्या पोरीचं सुतक आमच्यात थोडक्यात आटपतात. सुतक फिटायच्या दिवशी घर-अंगण सारवून घेतात, ती रीत आहे. मी मागे न्हायला बसले होते. नवरा पुरुषांबरोबर नदीवर गेला होता. जावेने अंगण पाहिलं आणि कपाळाला हात लावला, "माय वं, आंगननी काय दशा करी टाकी हाई!" मुलीच्या आजारपणात आईचं घराकडे लक्ष राहिलं नाही, शेवाळ चढलं, असं त्या समजल्या. मला त्रास नको म्हणून विचारलंही नाही. खुरपी घेतली आणि पायरीपासून फाटकापर्यंत सगळं खरवडून काढलं, वर माती आणि शेण थापलं.

मी ओल्या केसांनी बाहेर आले तेव्हा तिघी हात धूत होत्या. हिरव्याचा ढीग उकिरड्यावर, त्यावर शेणाच्या पाण्याची बादली उपडी केलेली. जाऊ घामाघूम झाली होती. मला म्हणाली, "तू काळजी नको करू. सगळं स्वच्छ केलं."

तिचे हात सोलले होते. मी त्यांना जेवायला वाढलं.

नवरा आला. फाटकातच थांबला आणि सवयीने चपला काढल्या. मग खाली बघितलं. उकिरड्याकडे जाऊन काही तुकडे निवडले, धुतले, कोपऱ्यात लावले. ते काळे पडले. नंतर त्याने एकदा विचारलं, "सुरंगीवालीकडून आणून परत लावू या का?"

मी म्हटलं, "कोणासाठी?"

मी दुसऱ्या दिवसापासून खराटा हातात घेतला आणि सडा सुरू केला.

दिवाळीनंतर जाऊ पुन्हा आली. दारात उभी राहून अंगण बघितलं आणि म्हणाली, आता कसं माणसांच्या घरासारखं दिसतं. मी हो म्हटलं. ती वाईट बाई नाही. पोरगी फाटकापर्यंत एकटी जायची, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.